सल्ला: इंजेक्शनची वाट बघू की मशीन बसवू?

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे, त्यामुळे नाव नाही. पत्र बरंच मोठं आहे, गाभा तेवढा तिच्याच शब्दांत देते.

"ताई, माझी मुलगी १६ महिन्यांची आहे. दिसायला एकदम चलाख, सगळं कळतं, पण हाक मारली की वळत नाही. जन्मली तेव्हा दवाखान्यात कानाची तपासणी केली होती, ओएई म्हणतात ती, दोन्ही कान पास होते, कागद अजून आहे माझ्याकडे. म्हणून आम्ही वर्षभर निवांत राहिलो. मिस्टर दूध डेअरीत कामाला आहेत, त्यांनी घरी ताट वाजवून बघितलं तर कधी वळायची कधी नाही. मग बेरा नावाची दुसरी तपासणी केली, त्यात काहीच आलं नाही. डॉक्टरांनी रक्त पाठवायला सांगितलं, रिपोर्ट आला की ओटीओएफ जीनमध्ये दोष आहे, होमोझायगस, म्हणजे दोन्ही प्रतींत. आता डॉक्टर म्हणतात कॉक्लिअर इम्प्लांट करा, म्हणजे ऑपरेशन करून कानात मशीन बसवायचं. मिस्टरांनी मोबाईलवर बघितलं की चीनमध्ये ह्याच जीनवर इंजेक्शन निघालंय, एकदा कानात दिलं की ऐकू येतं. ते म्हणतात दोन वर्षांत इकडे येईल, पोरीच्या डोक्याला भोक पाडायचं नाही. आणि आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्या म्हणतात सातव्या महिन्यात मी यात्रेत डीजेसमोर उभी होते म्हणून असं झालं, नाहीतर आमच्यात कुणी बहिरं नाही, हे तुझ्या माहेरचं. मला आता रात्री झोप लागत नाही. चूक माझी आहे का? थांबायचं का? आणि पुढचं मूल होऊ द्यायचं का?"

बाळा, तू विचारलेल्यातलं मधलं आधी घेते कारण त्यालाच घाई आहे, बाकीचं दोन दिवस उशिरा कळलं तरी चालेल. थांबू नका. एका कानाचं इम्प्लांट जेवढ्या लवकर होईल तेवढं करून घ्या. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज अशी मुलं माझ्यासमोर बसतात, आणि थांबलेल्या घरांतली मुलं मी चौथ्या-पाचव्या वर्षी बघते तेव्हा काय होतं ते मला माहिती आहे, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय.

आता का, ते सांगते, आणि हे मिस्टरांना वाचून दाखव, ते डेअरीत आहेत तर त्यांना पटकन कळेल.

कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात आतल्या रांगेत ऐकण्याच्या पेशी असतात, एका कानात साधारण साडेतीन हजार, बस एवढ्याच. आवाज आला की ह्या पेशी हलतात आणि त्यांच्या तळाशी बारीक बारीक पिशव्या असतात त्यांच्यातलं रसायन बाहेर सांडतात, ते नसेला लागतं आणि नस मेंदूला कळवते. पिशव्या म्हणजे इतक्या बारीक की एका मिलिमीटरमध्ये २५ हजार ओळीने बसतील. आणि हे काम थांबत नाही, आवाज चालू आहे तोवर पिशव्यांमागून पिशव्या दाराशी येत राहतात आणि सोडल्या जातात. ओटीओएफ जीन ज्या प्रोटीनची कृती सांगतो त्याचं नाव ओटोफर्लिन. पेशीत कॅल्शियम शिरलं की ते ओळखायचं आणि पिशवी सोडायची, हे त्याचं काम. १९९९ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी हा जीन शोधला, तोही लेबनॉनमधल्या अशाच जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या घराण्यांवरून.

आता डेअरीचं संकलन केंद्र डोळ्यासमोर आण. किटल्या भरून दाराशी ओळीने लागल्यात. बाहेर टँकर उभा आहे, रस्ता चांगला आहे. फक्त शटर उघडणारा माणूस आलेला नाही. तुझ्या मुलीच्या कानात हे चाललंय. २००६ साली उंदरांमध्ये हा जीन बंद करून बघितला होता, तर पेशी जागेवर, पिशव्या जागेवर, नस जागेवर, पण पिशव्या सुटतच नव्हत्या. म्हणजे माल आहे, गाडी आहे, शटर बंद.

ह्यातूनच तुझ्या ओएई पासचं कोडं सुटतं. कानात अजून एक जातीच्या पेशी असतात, बाहेरच्या रांगेतल्या, त्या आवाज मोठा करून आतल्यांना देतात. ते करताना कानातून एक अगदी बारीक प्रतिध्वनी परत बाहेर येतो, ओएई मशीन फक्त तोच पकडतं. ह्या बाहेरच्या पेशी तुझ्या मुलीच्या ठणठणीत आहेत, म्हणून मशीनने पास लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण ते गावातून दूध केंद्रापर्यंत आलं एवढंच सांगत होतं, पुढे गेलं की नाही हे त्याला दिसतच नाही. पुढचं दिसतं ते बेरामध्ये, जिथे डोक्याला वायरी लावून नसेचे सिग्नल बघतात. ओएई छान आणि बेरा सपाट अशी जोडी दिसली की आम्ही त्याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतो, आणि ओटीओएफ हे त्याचं एक ठरलेलं कारण आहे. ओएई झटपट होते, स्वस्त आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेवढीच करतात. जन्मल्यावर फार कावीळ झालेली किंवा काचेच्या पेटीत राहिलेली बाळं असतील तर बेराही करायला सांगतात, पण तुझी मुलगी धडधाकट जन्मली, तिला कोण सांगणार होतं? तू वर्षभर निवांत राहिलीस ह्यात तुझा काही दोष नाही, कागदावर पास लिहिलं होतं, कुणीही राहिलं असतं.

आणि ताटाचं म्हणशील तर, मी हे इतक्या घरांतून ऐकलंय. मागे उभं राहून ताट वाजवलं की हाताची सावली पडते, वारा लागतो, फरशी थरथरते, आणि बहिरी मुलं ह्या बाबतीत फार हुशार असतात, त्यांना तेवढं पुरतं. ती वळली ते त्यामुळे. आता परत परत ताट वाजवून बघू नका, बेरा झाली, जीनचा रिपोर्ट आला, विषय संपला.

डॉक्टर कदाचित आधी काही आठवडे कानाचं साधं मशीन लावायला सांगतील, तो नियमाचा भाग आहे, लाव. पण त्यातून फार काही होईल अशी आशा धरू नकोस. साधं मशीन आवाज मोठा करतं, म्हणजे गावात अजून जोरात ओरडून अजून किटल्या मागवायच्या. शटर बंद असताना किटल्या वाढवून काय उपयोग. इम्प्लांट वेगळं आहे, त्याची बारीक तार शंखात जाते आणि ती थेट नसेलाच सिग्नल देते, केंद्राला वळसा घालून दूध सरळ टँकरमध्ये. आणि ओटीओएफच्या मुलांची नस चांगली असते म्हणून त्यांच्यात इम्प्लांट सहसा छान चालतं, हे खूप वर्षांपासून जगभर दिसलेलं आहे. ऑडिटरी न्यूरोपॅथीची सगळीच मुलं एवढी नशीबवान नसतात, काहींची नसच बारीक किंवा नसलेली असते. तुमचा एमआरआय होईल त्यात नस बघतीलच.

आता इंजेक्शन. मिस्टर जे म्हणतात ते अफवा नाहीये, त्यांना वेड्यात काढू नकोस. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या कान-नाक-घसा हॉस्पिटलमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या मुलाला ते दिलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये सहा मुलांचा निकाल लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, सहापैकी पाच जणांना ऐकू यायला लागलं. मी तो वाचला त्या दिवशी क्लिनिकमध्ये बसून रडले होते, खरंच, कारण आमच्या कॉलेजच्या दिवसांत जन्मतः बहिरेपणावर कानात जाऊन मूळ दुरुस्त करता येईल असं कुणी बोलतसुद्धा नव्हतं. नंतर २०२५ मध्ये चीनमधल्याच पाच हॉस्पिटलांमधल्या दहा जणांचा निकाल आला, वय १ ते २४, त्यांना आधी सरासरी १०६ डेसिबलएवढा मोठा आवाज झाला तरच ऐकू येत होतं म्हणजे जवळपास काहीच नाही, ते ५२ वर आलं. अमेरिकेत, युरोपातही ट्रायल झाल्या. करतात कसं, तर एका निरुपद्रवी व्हायरसच्या पोटात चांगला जीन भरून कानात सोडतात. ह्यात गंमत अशी की ओटीओएफ लांबलचक आहे, प्रोटीनच्या माळेतच १९९७ मणी आहेत, एका मण्याला जीनची तीन अक्षरं, म्हणजे जवळजवळ सहा हजार अक्षरं, आणि त्या व्हायरसच्या पोटात पावणेपाच हजारच्या आसपासच मावतात. म्हणून जीनचे दोन तुकडे करून दोन व्हायरसांत भरतात आणि आत गेल्यावर ते जुळतात. शटरवाला माणूस दोन गाड्यांतून अर्धा अर्धा पाठवून केंद्रात परत जोडायचा. हे चाललं हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

मग मी थांबू नका का म्हणते? फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये एका ११ वर्षांच्या मुलाला असंच ओटीओएफ जीनचं औषध दिलं. त्याला ऐकू यायला लागलं, गाड्यांचा आवाज, वडिलांचा आवाज, सगळं. पण तो कदाचित कधीच बोलू शकणार नाही असं तेव्हाच सांगितलं गेलं, कारण त्याला तोवर कुठलीच बोली भाषा कानावर पडली नव्हती आणि मेंदूने ते शिकायचं वय साधारण पाचच्या आसपास संपत येतं. औषधाने शटर उघडलं, पण टँकर जिथे जायचा तो कारखाना इतकी वर्षं बंद पडून होता. तुझ्या मुलीचं हे वय आत्ता चालू आहे. १६ महिन्यांत बाकीची मुलं दूध, बाबा, भूभू म्हणायला लागतात, आणि ते म्हणायच्या आधी त्यांनी ते शब्द वर्षभर ऐकलेले असतात. तुझ्या मुलीचं ते वर्ष गेलंय. अजून दोन वर्षं इंजेक्शनची वाट बघायची म्हणजे तीन वर्षं शून्य. आणि इकडे दोन वर्षांत येईल हे मिस्टरांना कुणी लिहून दिलंय का? आलं तर किती पैशात येईल, कुणाला देतील, तुमच्या मुलीच्या रक्तात त्या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच असतील तर तिला घेतील की नाही, हे काहीच आपल्या हातात नाही. भाषा मात्र आहे.

आणि एक गोष्ट मिस्टरांना जरूर सांग, ह्याने त्यांचं मन हलेल असं मला वाटतं. सरकारी योजनेत एकाच कानाचं इम्प्लांट करतात. ज्या कानात तार गेली तो कान ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत हे खरं, पण दुसरा कान तसाच राहतो. एका कानात इम्प्लांट असलेल्या मुलांना दुसऱ्या कानात हे जीनचं औषध ट्रायलमध्ये दिलेलं आहे. म्हणजे एक कान आत्ता बोलायला शिकायला वापरा आणि दुसरा उद्यासाठी राखून ठेवा. दोघांचंही म्हणणं राहतं.

डोक्याला भोक पाडायची भीती मी समजू शकते, बाप आहे तो. पण कवटीत भोक पाडून मेंदूत काही घालत नाहीत, कानामागचं हाड थोडं कोरून तिथून शंखापर्यंत तार नेतात. भूल असते, चेहऱ्याची नस जवळून जाते म्हणून अनुभवी हात हवा, आणि आधी न्यूमोकोकलची लस घ्यावी लागते कारण इम्प्लांटच्या मुलांत मेंदूज्वराचा धोका जरा वाढतो. हे सगळं सर्जनला समोर बसून विचारा, मिस्टरांनी स्वतः विचारू दे, तू त्यांच्या वतीने विचारू नकोस. शक्य असेल तर इम्प्लांट झालेल्या एखाद्या मुलाला भेटवा, ते व्हिडिओ बघण्यापेक्षा बरं.

आता आत्याचं. डीजेने हे झालेलं नाही. ओटीओएफच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत हे पोर पोटात एका पेशीएवढं होतं तेव्हाच ठरलं होतं, सातवा महिना तर फार पुढची गोष्ट. (डीजेसमोर तसंही उभं राहू नये, तुझ्याच कानांसाठी, पण ते वेगळं.) आणि तुझ्या माहेरचं म्हणतात, तर जरा कागद घेऊन वंशावळ काढ. तुझे वडील आणि तुझी आत्या सख्खी भावंडं. तू वडिलांची मुलगी, मिस्टर आत्याचा मुलगा. आजोबा किंवा आजी, दोघांपैकी एकाकडे हा बिघडलेला जीन एकच होता. एक बिघडलेला आणि एक चांगला असला की ऐकू नीट येतं, काहीच कळत नाही, म्हणून तर आमच्यात कुणी बहिरं नाही हे आत्याचं म्हणणं खरंच आहे. त्या एकाकडून तो तुझ्या वडिलांकडे आला आणि तुझ्यात आला, त्याच एकाकडून आत्याकडे आला आणि तुझ्या नवऱ्यात आला, असं असणार, होमोझायगस म्हणजे दोन्ही प्रती अगदी एकसारख्या बिघडलेल्या आणि नात्यातल्या लग्नात ते असंच होतं. तर तुझं माहेर म्हणजे आत्याचंही माहेरच ना गं. हे तिला ऐकवायला म्हणून सांगत नाहीये, भांडण काढू नकोस. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर तिला बसव आणि त्यांच्या तोंडून ऐकू दे. प्रत्येक माणसाच्या अंगात असे काही ना काही बिघडलेले जीन असतातच, माझ्याही आहेत, जोडीदाराचा तोच बिघडलेला नसला की ते कधी वर येत नाहीत, एवढाच फरक.

पुढचं मूल. दर वेळी चारात एक शक्यता की पुन्हा असंच होईल, आणि दर वेळी म्हणजे नव्याने, एक झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. चारात तीन वेळा ऐकू येईल. हा निर्णय तुमच्या दोघांचा आहे, मी होऊ द्या किंवा नको म्हणणार नाही. पण दिवस राहायच्या आधी जेनेटिक कौन्सेलरकडे जा, तुमच्या दोघांचंही रक्त ह्याच जागेसाठी तपासून घ्या, बिघाड कुठला ते माहिती असल्यामुळे पुढच्या वेळी गरोदरपणातही तपासता येतं. काहीच तपासायचं नसेल तरी हरकत नाही, मग बाळ जन्मल्यावर फक्त ओएईवर थांबू नका, पहिल्याच महिन्यात बेरा करा. ते बाळ वर्षभर मागे राहणार नाही, एवढं तरी ह्या मुलीच्या रिपोर्टमुळे साधेल. तुझ्या नणंदा, चुलत भावंडं ज्यांची नात्यात लग्नं ठरतायत त्यांनाही सांग, लपवू नकोस.

पैशाचं तू लिहिलं नाहीस पण कळतंय. केंद्र सरकारची एडिप योजना आहे, त्यातून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं, त्याचं काम मुंबईच्या वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. त्यांच्याकडे अर्ज कर. दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बेरा, एमआरआय, जीनचा रिपोर्ट, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स काढून एका फाइलला लाव, आणि नंबर यायला वेळ लागतो म्हणून ह्याच आठवड्यात सुरुवात कर. वयाची अट आहे म्हणजे इथेही वाट बघण्याचा तोटाच. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात आरबीएसके, म्हणजे मुलांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या डॉक्टरांना विचार, त्यांच्यातूनही मार्ग निघतो. आणि बाहेरच्या मशीनची वॉरंटी किती वर्षांची, केबल-बॅटरीचा खर्च कुणाचा, हे लेखी घे, कारण पुढे खरी ओढाताण तिथे होते.

तोपर्यंत तिच्याशी बोलणं बंद करू नकोस. ऐकू येत नाही म्हणून घरं हळूहळू गप्प होत जातात, मी बघितलंय. तोंड तिच्या समोर ठेवून बोल, हातवारे कर, खुणा कर. खुणांची सवय लागली तर बोलणार नाही असं लोक सांगतील, मला ते पटत नाही, कुठलीच भाषा नसण्यापेक्षा हाताची भाषा हजार पटीने चांगली आणि मशीन आल्यावर तीच हात धरून बोलीकडे नेते.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मशीन चालू करतात, स्विच ऑन म्हणतो आम्ही. मोबाईलवर दिसतं तसं मूल हसून आईकडे बघतं असं दर वेळी होत नाही हं. माझ्याकडे एक तुझ्या मुलीएवढीच पोरगी होती, ती हातातला ठोकळा तोंडात घालायची थांबली, अर्धा मिनिट नुसती दगडासारखी बसली, मग भोकाड पसरलं आणि कानावरचं ओढून काढलं. आई घाबरली की बिघडलं काहीतरी. काही बिघडलं नव्हतं, तिला पहिल्यांदा आवाज आला होता. आवाजाचा अर्थ लागायला महिने जातात. आम्ही रोज सहा आवाज तपासायला सांगतो, म, ऊ, आ, ई, श, स, तोंडासमोर कागद धरून, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि मूल कशाला वळतं ते वहीत लिहायचं. पहिला महिना आ सोडून काही लिहिलं जात नाही कित्येकदा. स सगळ्यात शेवटी येतो.

ह्या रोजच्या कामाला दिवसभर घरात असणारं माणूस लागतं. तू लिहिलंयस की तू शेतावर जातेस तेव्हा मुलगी आत्याजवळ असते. मग थेरपीला पहिल्या दिवसापासून आत्याला घेऊन जा, मागे बाकावर नको, थेरपिस्टच्या समोरच्या खुर्चीत बसव. कुकरची शिट्टी झाली की पोरीचा हात धरून कानाला लावायचा आणि म्हणायचं, ऐक, शिट्टी झाली. दारात दूधवाल्याची घंटा वाजली की उचलून दारात न्यायचं, ऐक, घंटा. दिवसातून पन्नास वेळा. हे तुझ्या आत्याइतकं चांगलं कुणाला जमणार आहे? वही तिच्या हातात दे. लिहिता येत नसेल तर टिकल्या मारायला सांग.

एमआरआय झाला की मला कळव.